सही करण्याआधी किती दिवस थांबायचे?

धरमपेठच्या शंकरनगर, एलएडी चौकातून आज मेट्रो धावते. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या एका निविदेत अपात्र ठरलेला चिनी-भारतीय संयुक्त उपक्रम उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला आणि जिंकला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये तो निकाल फिरवला. अटींचा अर्थ त्या लिहिणाऱ्या संस्थेलाच सर्वांत चांगला कळतो. दुष्ट हेतू किंवा विपर्यास दिसला तरच न्यायालयाने हात घालावा, असे त्यात ठरले.

म्हणूनच करारापूर्वीची उसंत मोलाची. युरोपीय संघात निकाल इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवल्यावर किमान 10 दिवस करार करता येत नाही. हरलेल्याने तेवढ्यात कारणे वाचून दाद मागायची. केंद्रात किंवा महाराष्ट्रात सरकारी खरेदीचा स्वतंत्र कायदाच नाही. ही मोठी उणीव आहे; त्यासाठीचे केंद्राचे 2012 चे विधेयक 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपले. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 173 मात्र सांगतो : बोलीदाराने विचारल्यास निविदा नाकारण्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

केंद्राच्या कामात तुमची निविदा नाकारली गेली, तर कारण त्याच दिवशी आणि लेखी मागा.