झिजलेल्या तबकडीचा नवा साचा

झिजलेला सुटा भाग टेबलावर येतो. ड्रॉइंग हरवलेलं, बनवणारी मूळ कंपनी बंद पडलेली, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अगदी असाच पाहिजे." कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किंवा शिरोली, गोकुळ शिरगावला ओतकामात हयात घालवलेल्या माणसाला हा प्रसंग नवा नाही. मग तो तुकडाच ड्रॉइंग होतो. झीज किती झाली ते ताडायचं, बीड थंड होताना शेकडा एक भाग आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा, आणि मग वाळूत साचा. जुनी रेकॉर्ड नव्यानं काढणं हे मला याच जातीचं काम वाटतं.

उदाहरण मुंबईचंच घेऊ. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड. कीथ कांगा त्याचा संस्थापक, नील चट्टोपाध्याय गिटारवर, मधुकर दास गायक. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबमध्ये १९७२ साली विलायती रॉक कलावंत जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट वाजवून गेले, तो हा काळ. अलेक पदमसींनी १९७४ साली मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाटक उभं केलं, त्यात दास जीझस होते आणि समोर जूडास होता आपला नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरातला मुलगा रॉक गात होता, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासात हवी तेवढी ठसलेली नाही.

बँडची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी निघाली १९८१ साली. गिटारचा धुरकट, गरगरता आवाज आणि त्याखाली पाय थिरकवणारा फंकचा ठेका. तोवर बँडचा बहर ओसरला होता आणि बाजारात डिस्कोची चलती होती. तबकडी विस्मृतीत गेली. तीस वर्षांनी, २०११ साली, लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं ती पुन्हा काढली.

हे पुन्हा काढणं कसं असतं? मूळ फीत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जगात उरलेल्या प्रतींपैकी सर्वांत कमी वाजलेली शोधायची, कारण सुई प्रत्येक फेरीला खाच खाते आणि वरचे, बारीक स्वर आधी जातात. खरखर काढताना झांजेची किणकिण खरवडली जाऊ नये, यात कारागिराचा कस लागतो. मग लाखेसारखा लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि त्यावर निकेल चढवतात. निकेल सोलून काढलं की उलटा साचा हाती येतो. त्यावरून पुन्हा सुलटा, आणि त्यावरून शेवटी दाबाचा साचा. प्रेसमध्ये दोन बाजूंना दोन साचे, मध्ये पीव्हीसीचा गरम गोळा, वाफेचा ताव, सुमारे शंभर टनांचा दाब. अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. एक साचा हजारभर प्रती देतो, मग झिजतो. फौंड्रीतल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. इथं फक्त झिजण्याचा हिशेब धरायचा, आकसण्याचा नाही, एवढाच फरक.

मला सलतं ते वेगळंच. चरणजित सिंग यांची डिस्को ठेक्यावरच्या दहा रागांची १९८२ची तबकडी एचएमव्हीनं इथंच काढली होती. तीही २०१० साली परत आली ती एडो बाऊमन या डच संग्राहकामुळं. आपल्या वस्तूचा नमुना-तुकडा दर वेळी दुसऱ्यानं जपावा, हे आपल्या कारागिरीच्या प्रदेशाला शोभत नाही.

मुंबईत आता तबकड्या दाबणारी प्रेस पुन्हा सुरू झाली आहे. यंत्र आहे, हात आहेत, नमुने मात्र घराघरांतल्या माळ्यांवर पडलेत. दिवाळीची साफसफाई करताना वडिलांच्या खोक्यातल्या तबकड्या भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी प्रत्येकीचं लेबल वाचा. अनोळखी नाव दिसलं तर ती उभी ठेवा, आडवी रचू नका, आणि कोणाला तरी दाखवा.