पट्टा रुग्णाच्या गरजेचा की विक्रीच्या सोयीचा? अस्थिरोग आधारसाधनांचे नियम आणि नीती

नवी दिल्ली : हाड मोडल्यावर, सांधा दुखावल्यावर किंवा मणक्याचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधांबरोबर अनेकदा एखाद्या पट्ट्याचाही उल्लेख असतो. कमरेचा पट्टा, गुडघ्याचा ब्रेस, मानेची कॉलर, मनगटाची स्प्लिंट अशा साधनांचा खर्च बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच करतो. ते साधन खरोखर आवश्यक आहे का, त्याची किंमत रास्त आहे का आणि ते अंगावर योग्य बसवले आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे भारतात एकाच कायद्यात मिळत नाहीत.

साधनाचे नियमन

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून जवळपास सर्व वैद्यकीय उपकरणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली. धोक्याच्या प्रमाणानुसार त्यांचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ असे चार वर्ग पाडण्यात आले. शरीराबाहेरून बांधायचे पट्टे व आधारसाधने बहुतांशी सर्वांत कमी धोक्याच्या ‘ए’ वर्गात मोडतात. निर्जंतुक न केलेल्या आणि मोजमापासाठी न वापरल्या जाणाऱ्या या वर्गातील उपकरणांना ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने परवान्यातून सूट दिली. उत्पादकाने केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आवश्यक माहिती स्वतः घोषित करणे पुरेसे ठरते.

या सवलतीमागे तर्क आहे. हृदयात बसवायचा स्टेंट आणि गुडघ्यावरची टोपी यांना एकच मापदंड लावणे व्यवहार्य नाही. मात्र पट्ट्याचा धोका कापडात कमी आणि वापरात अधिक असतो. फार आवळून बांधलेल्या साधनाने त्वचेवर दाबाच्या जखमा होऊ शकतात, नस दाबली जाऊ शकते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला अशी जखम वेळेवर जाणवतही नाही.

किमतीची मर्यादा

राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने २०१७ मध्ये हृदयाचे स्टेंट आणि कृत्रिम गुडघे यांच्या कमाल किमती ठरवल्या. पट्ट्यांसाठी तशी कमाल किंमत ठरलेली नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार कोणत्याही बारा महिन्यांत छापील किंमत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. पहिली छापील किंमत किती असावी हे उत्पादकच ठरवतो. ती चढी ठेवली, तर विक्रेत्याला मोठी सूट देण्यास जागा उरते आणि त्या सुटीतला वाटा शिफारस करणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मोहही निर्माण होतो.

डॉक्टरांची आचारसंहिता

या मोहाला आवर घालणारी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत आहे. रुग्ण पाठवण्याच्या किंवा शिफारशीच्या बदल्यात कमिशन घेणे आणि देणे, दोन्ही त्यांत निषिद्ध आहेत. डॉक्टरांनी वैद्यकीय साधनांचे खुले दुकान चालवू नये, असेही ते सांगतात. मात्र रुग्णाची पिळवणूक होत नसेल, तर डॉक्टरांनी स्वतः साधन पुरवणे अनैतिक मानलेले नाही. दूरच्या गावातून आलेल्या रुग्णाला दवाखान्यातच योग्य मापाची स्प्लिंट मिळणे ही सोयच आहे. रुग्णाला पर्याय सांगितला जातो का आणि बाहेरून घेण्याची मुभा राहते का, यावरून सोय आणि पिळवणूक यांतील फरक कळतो.

२०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाल्याने २००२ चेच विनियम कायम राहिले. ते नोंदणीकृत डॉक्टरांना बांधील करतात, विक्रेत्यांना नाही. उपकरण कंपन्यांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये विपणनाची स्वतंत्र एकसमान संहिता जारी केली. डॉक्टरांना भेटवस्तू व आर्थिक लाभ देण्यास तिने मनाई केली आहे. तक्रारींची सुनावणी मात्र उद्योग संघटनांच्याच आचार समित्यांकडे सोपवली आहे.

माप कोण घेतो?

भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, १९९२ नुसार कृत्रिम अवयव व आधारसाधने तयार करणाऱ्या तज्ज्ञांना केंद्रीय पुनर्वसन नोंदपटात नाव नोंदवावे लागते. दुकानात टांगलेला तयार पट्टा मात्र कोणाही विक्रेत्याच्या हातून रुग्णाच्या अंगावर चढतो. नियमनातील सर्वांत सैल दुवा हाच आहे.

त्याचे परिणाम लहान मुलांच्या बाबतीत गंभीर ठरतात. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळावर पोन्सेटी पद्धतीने प्लास्टरचे उपचार झाल्यावर विशेष बूट-पट्टी सुरुवातीचे तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास आणि पुढे झोपेच्या वेळी साधारण चार वर्षांच्या वयापर्यंत वापरावी लागते. बूट टोचू लागला की पालक तो काढून ठेवतात आणि पाऊल पुन्हा वळण्याचे प्रमुख कारण तेच असते.

गरज आणि पुरावा

सर्व पट्ट्यांचा उपयोग सारखा नाही. कणा बाजूला वाकलेल्या किशोरवयीन रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत वाढला नाही. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. याउलट साध्या कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नये, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये केली.

गरज न तपासता साधने पुरवल्यास काय घडते, हे अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये दिसले. दूरध्वनीवरून वृद्धांना अनावश्यक ब्रेस देऊन त्यांची देयके सरकारी विमा योजनेवर टाकल्याच्या प्रकरणांत २४ जणांवर आरोप ठेवण्यात आले. कथित नुकसान १.२ अब्ज डॉलरहून अधिक होते. तेथे सरकारी देयकांवरून तपासाचा माग काढता आला. भारतात रुग्ण रोखीने पैसे मोजतो, तेव्हा असा मागच उरत नाही.

रुग्णाचे अधिकार

म्हणूनच पक्के बिल महत्त्वाचे ठरते. स्प्लिंट व तत्सम अस्थिरोग साधनांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०२२ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साधन का, किती तास आणि किती दिवस वापरायचे, हे डॉक्टरांना विचारणे आणि चिठ्ठीवर लिहून घेणे हिताचे आहे. सदोष मालाची किंवा छापील किमतीपेक्षा अधिक आकारणीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. साधनामुळे इजा झाल्यास भारतीय औषधकोश आयोगाच्या उपकरण-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.