घर विकलं जात नाही, पाणी मात्र चढतंय: नंदुरबारच्या टापूंवरची माणसं कशाची वाट बघतात?

“घर विकलं गेलं की मग जाऊ.” हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कुणाला पुण्याचा फ्लॅट विकून अंदमानला स्थायिक व्हायचं असतं, कुणाला नाशिकचा बंगला विकून मुलाकडे आयर्लंडला जायचं असतं. मग एजंट येतो, गिऱ्हाईक घर बघून जातं, भावात घासाघीस होते, टोकन मिळतं, रजिस्ट्री होते. वर्ष-दोन वर्षं गेली तरी क्रम ठरलेला असतो. आधी जुन्या घराचे पैसे हातात, मग नव्या ठिकाणी सामान.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या डोंगरात, हा क्रम उलटा झालेली माणसं आहेत. त्यांना बेटावर राहायला जायचंच नव्हतं. त्यांच्या घराभोवती पाणी आलं आणि डोंगराचं बेट झालं. तिकडे याला ‘टापू’ म्हणतात. घर विकून निघून जावं, तर ते विकता येत नाही. नेमकं का? समजून घेऊ.

डोंगराचं बेट कसं झालं?

अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या दोन तालुक्यांच्या उत्तरेकडून नर्मदा वाहते. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. नदी इथून थोडं पुढे गेली की गुजरातमध्ये केवडियाजवळ सरदार सरोवर धरण लागतं. धरणाच्या मागे जे पाणी साठतं, त्याच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात. त्यातलं धरणाच्या सगळ्यात जवळचं गाव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरल्याची बातमी देशभर गेली होती.

धरणाची उंची एकदम वाढली नाही. १९९९ मध्ये ८५ मीटर, २००० मध्ये ९० मीटर, २००६ मध्ये १२१.९२ मीटर, आणि शेवटी १३८.६८ मीटर. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण क्षमतेने भरलं.

आता इथल्या गावांची रचना डोळ्यासमोर आणा. सपाटीवरच्या गावासारखी घरं एकाला एक चिकटून नसतात. एकेक पाडा एकेका टेकडीवर, मध्ये ओढे आणि नाले. पाणी चढतं ते आधी या नाल्यांमधून आत शिरतं. खालची शेतं जातात, पायवाट जाते, वरचं घर कोरडं राहतं. चारी बाजूंनी पाणी आलं की तो पाडा टापू झाला.

म्हणजे घर बुडालेलं नाही, पण घरापर्यंतची वाट बुडाली आहे.

मग घर विकून निघून का जात नाहीत?

शहरातल्या माणसाला पडणारा हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर तीन कुलपांत आहे.

पहिलं कुलूप: आदिवासी जमिनीचा कायदा. ही सगळी गावं भिल्ल आणि पावरा समाजाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती देण्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. हा कायदा १९७४ पासून आहे आणि तो आदिवासींच्या बाजूचा आहे. सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी जमिनी गिळू नयेत म्हणून तो आला. पण त्यामुळे खुल्या बाजारातलं गिऱ्हाईक इथपर्यंत पोचत नाही, हेही खरं.

दुसरं कुलूप: जंगल. डोंगरातली बरीच शेती कागदावर वनखात्याच्या जमिनीवर आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कुटुंब कागदावर ‘अतिक्रमणधारक’ ठरतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासींना जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क देण्याची सोय केली. पण तो हक्क वारसाने पुढे जातो, विकता येत नाही. थोडक्यात, कागद नव्हता तेव्हा विकता येत नव्हतं आणि कागद मिळाला तरी विकता येत नाही.

तिसरं कुलूप: खुद्द धरण. जिथे पाणी येणार हे सरकारी नकाशावर आखलेलं आहे, तिथलं घर कोण घेईल?

आणि या घराची किंमत तरी कशी लावणार? सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर माती-शेणाचं लिंपण आणि कौलं. असं घर विकायचं नसतं. हलायची वेळ आली की ते उकलायचं, लाकूड खांद्यावर घ्यायचं आणि नव्या जागी पुन्हा उभं करायचं. कित्येक कुटुंबांनी पुनर्वसनाच्या वेळी तसंच केलं.

एकच गिऱ्हाईक, आणि तेही सरकार

बाजार नसला की उरतं एकच गिऱ्हाईक. ते म्हणजे सरकार. आणि या गिऱ्हाइकाने दिलेली किंमत चक्क लिखित स्वरूपात आहे.

नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांमध्ये वाद होता. तो सोडवायला १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. पाणी आणि वीज कुणाला किती, हे त्यात ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला विजेचा २७ टक्के हिस्सा आला. पण त्याच निवाड्यात विस्थापितांना काय द्यायचं हेही ठरलं:

• ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन गेली, त्याला किमान दोन हेक्टर (पाच एकर) सिंचनयोग्य जमीन.

• घरातल्या प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानायचं. (सज्ञान मुलीचा मात्र यात उल्लेख नाही.)

• प्रत्येक कुटुंबाला ६० बाय ९० फुटांचा घराचा प्लॉट मोफत.

• नव्या वसाहतीत दर १०० कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, दर ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर. शिवाय दवाखाना, रस्ता, वीज.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट: हे सगळं आधी, पाणी नंतर. मोबदला आणि पुनर्वसन झाल्याशिवाय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातला कुठलाही भाग बुडवायचा नाही.

म्हणजे ‘घर विकलं गेलं की मग जाऊ’ हेच तत्त्व. फरक इतकाच की इथे घराची किंमत नोटांमध्ये नसून जमिनीत होती.

क्रम कुठे उलटला?

सुरुवात मोजणीपासून झाली. निवाड्याच्या वेळी महाराष्ट्रातली २७ गावं आणि फक्त ४५६ कुटुंबं बाधित होतील असा अंदाज होता. पुढे गावं ३३ झाली आणि कुटुंबांची सरकारी संख्या चार हजारांच्या वर गेली. चारशेंसाठी शोधायची जमीन आणि चार हजारांसाठी शोधायची जमीन यात फरक पडणारच.

मग प्रश्न आला की एवढी जमीन आणायची कुठून? डोंगराखाली, तळोदा आणि शहाद्याच्या सपाटीकडे काही वसाहती उभ्या राहिल्या. सोमावल, नर्मदानगर, रेवानगर, रोझवा ही त्यातली नावं. त्यासाठी तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी करण्यात आली. पण त्यातली काही जमीन तिथले आदिवासी आधीपासून कसत होते. एकाचं घर बसवायला दुसऱ्याचं शेत गेलं, आणि दोन्ही बाजूंना आदिवासीच.

तिसरी अडचण यादीची. तुम्ही ‘घोषित’ प्रकल्पग्रस्त असाल तरच जमीन. मोजणीच्या वेळी कुणी गावात नव्हतं, कुणाचं वय कागदावर कमी लागलं, कुणाचं शेत जंगलात धरलं गेलं. अशी कुटुंबं ‘अघोषित’ राहिली. पाण्याला मात्र घोषित-अघोषित कळत नाही.

चौथी अडचण पातळीची. अमुक उंचीपर्यंत पाणी आलं तर अमुक घरं बाधित, असं गणित कागदावर होतं. टापू झालेलं घर या गणितात नीट बसत नाही. घर रेषेच्या वर असेल, तर ते बाधित की नाही? शेत बुडालं पण पावसाळ्यातच बुडतं, मग ते बुडालं की नाही? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने उंची वाढवायला मुभा मिळाली, पण पुनर्वसन बांधकामाच्या बरोबरीने झालं पाहिजे, या अटीवर. पुढे १५ मार्च २००५ ला न्यायालयाने सांगितलं की तात्पुरतं बुडणं आणि कायमचं बुडणं असा भेद करून हक्क नाकारता येणार नाही, आणि सज्ञान मुलांचा जमिनीचा हक्कही मान्य केला.

निकाल आला तेव्हा धरण ११० मीटरपर्यंत पोचलेलं होतं.

टापूवर राहणं म्हणजे काय?

सहलीला गेल्यावर बेट छान वाटतं. रोजच्या जगण्यात बेट म्हणजे प्रत्येक कामाला होडी. रेशन, दळण, बाजार, शाळा, बाळंतपण, साप चावला तर दवाखाना. या भागासाठी आरोग्य खात्याला ‘तरंगता दवाखाना’ चालवावा लागला, यावरूनच अंदाज येईल.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी तुम्ही कदाचित वाचली असेल. पाड्यांवरची मुलं आणि गरोदर बाया होडीने अंगणवाडीत येईनाशा झाल्या. म्हणून तिने मासेमाराची छोटी होडी मागून घेतली आणि सुमारे १८ किलोमीटर वल्हवत त्यांच्यापर्यंत पोषण आहार पोचवला. आपण सगळ्यांनी ती बातमी कौतुकाने शेअर केली. पण त्या मुलांच्या घरांना रस्ता का नाही, हा प्रश्न त्या पोस्टखाली क्वचितच कुणी विचारला.

पाणी वर्षभर एकाच पातळीवर राहत नाही, ही आणखी एक गोची. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो तेव्हा निदान होडी चालते. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं आणि मागे गाळ राहतो. त्यात होडी जात नाही आणि पायही टिकत नाही.

तरी माणसं काही ना काही उभं करतात. मासेमारीच्या सहकारी संस्था निघाल्या. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘जीवनशाळा’ चालवल्या, जिथे पोरं आधी आपल्या बोलीत शिकतात. टापूवरचं आयुष्य म्हणजे नुसतं रडगाणं नाही. पण ते आयुष्य त्यांनी निवडलेलं नाही, हे विसरून चालणार नाही.

पैसे घेऊन मोकळं का होत नाहीत?

कमेंटमध्ये हमखास येणारा हा प्रश्न. समजा, डोंगरातल्या पडीक-वरकस शेताचा सरकारी भावाने मोबदला मिळाला. तेवढ्यात शहाद्याच्या बागायती पट्ट्यात किती जमीन येईल? जमीन तर जातेच, शिवाय जंगलातलं मोह, टेंभुर्णी, चारा, सरपण आणि नदीतले मासे, ज्यांची कुठल्याच सातबाऱ्यावर नोंद नसते, तेही जातं. म्हणूनच निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन म्हटलं होतं.

रोख रकमेचा हिशोब किती वेगळा असतो, याचा अंदाज शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणावरून येतो. जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना दोन हेक्टरच्या बदल्यात प्रत्येकी ६० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ ला सांगितलं. दोन हेक्टर बागायती जमिनीची किंमत किती, याचं ते उत्तर होतं. निवाड्यानंतर ३७ वर्षांनी आलेलं.

आज कायदा काय सांगतो?

तुमच्या गावाजवळ उद्या धरण आलं तर? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार सिंचन किंवा जलविद्युत प्रकल्पात पाणी चढायच्या किमान सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण व्हायला हवं. मोबदला पूर्ण दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. वनहक्क मिळालेली कुटुंबंही बाधितांमध्ये धरायची आहेत.

त्यामुळे अशा वेळी तीन गोष्टी आधी बघायच्या. यादीत घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव आहे का? वनहक्काचा दावा दाखल केला असेल तर त्याची पोच जवळ आहे का? आणि आपल्या घरासोबत घराची वाटही बाधित म्हणून नोंदवली आहे का? नंदुरबारच्या टापूंनी शिकवलेला धडा या तिसऱ्या प्रश्नात आहे.

दोन बेटं

सरदार सरोवराच्या भिंतीपासून खाली साडेतीन किलोमीटरच्या आत नर्मदेत साधू बेट आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा आहे. त्या बेटावर जायला पूल आहे, तिकीट आहे, आणि महाराष्ट्रातूनही हजारो लोक जातात. तुम्हीही गेला असाल.

त्याच भिंतीच्या वरच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीतही बेटं आहेत. तिथे जायला तिकीट लागत नाही, होडी लागते. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात, तर भिंतीच्या वरच्या अंगालाही एकदा बघा. तिकडे कुणीतरी अजून आपल्या घराची किंमत हातात पडायची वाट बघत असेल.