सफरीच्या गाडीला जादा टाकी हवी का?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांत सफरीच्या गोष्टी सुरू होतात. खुल्दाबाद, गुलबर्गा, हैदराबाद तर नेहमीचेच. जरा हिंमत आणि जरा पैसा असला तर अजमेर. बीड शहराला कित्येक वर्षे रेल्वे नव्हती, त्यामुळे लांबच्या प्रवासालाही घरची नाहीतर भाड्याची जीप काढायची सवय आपल्याला पडली आहे.

यंदा आमचे मेहुणे रियाधहून कायमचे परतले आणि त्यांनी सेकंडहँड स्कॉर्पिओ घेतली. डिझेल, फोर बाय फोर. बेत ठरला अजमेर आणि तिथून पुढे जैसलमेर. गाडी दारात उभी राहिली तशी सामानाची यादी वाढू लागली: वर कॅरियर, पुढे लोखंडी बंपर, चार मोठे दिवे आणि मागच्या सीटखाली ६० लिटरची जादा टाकी. वेल्डिंगवाला म्हणाला, "सर, दोन दिवसांत बसवून देतो." मेहुण्यांनी तिकडे वाळवंटात दोन-दोन टाक्यांच्या लँड क्रूझर पाहिलेल्या. त्यांचे म्हणणे एकच, "बच्चे सोबत आहेत, रस्त्यात डिझेल संपलं तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून आम्ही कागद घेऊन हिशोब मांडला. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

स्कॉर्पिओच्या टाकीत ६० लिटर डिझेल मावते. भरल्या गाडीत, एसी चालू ठेवून लिटरला ११ किलोमीटर धरले तर ६६० किलोमीटर होतात. दहा लिटर राखीव ठेवले तरी ५५० उरतात. बीडहून छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट, धुळे, इंदूर असा अजमेरचा रस्ता हजार किलोमीटरहून थोडा जास्त भरतो, आणि या सगळ्या वाटेवर पंपच पंप आहेत. अजमेर ते जैसलमेर पाचशेच्या आत, मध्ये जोधपूरसारखे मोठे शहर. म्हणजे जादा टाकी कुठेच लागत नाही.

मग ती लागते कुठे? ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट नावाची वाट आहे, साधारण १,८५० किलोमीटर, आणि बहुतेक सगळी निर्मनुष्य वाळवंटातून. तिकडे विकलेल्या काही प्राडो गाड्यांना कंपनीनेच दोन टाक्या मिळून १५० लिटरची सोय दिली होती. आपल्या देशात मनाली-लेह रस्त्यावर तांदी गावचा पंप प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याच्या पाटीमुळे. तिथल्या चढाला मायलेज घसरून आठवर आले असे धरू, तरी ३६५ किलोमीटरला ४६ लिटरच्या आसपास डिझेल लागेल. तांदीला टाकी भरून घेतली तर हीच गाडी पार होते. ज्याची टाकी १३-१५ लिटरची आहे त्या मोटरसायकलवाल्याला तिथे डबा बांधावा लागतो, ते समजू शकते.

बरे, नुसती गरज नाही एवढ्यावर भागत नाही. कंपनीच्या टाकीत आत आडवे पडदे असतात, म्हणजे वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर इंधन एका बाजूला आदळत नाही. हवा आत यायला बारीक नळी असते; ती नसेल तर इंधन ओढताना टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी धक्के खात बंद पडते. टाकी सायलेन्सरच्या नळीपासून आणि मागच्या धडकेपासून किती लांब ठेवायची हेही ठरवलेले असते. गल्लीत पत्रा वाकवून केलेल्या टाकीत यातले काय असते? वर पत्र्याचा गंज सुटला की तो आजच्या डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरपर्यंत जातो, आणि इंजेक्टरचे बिल ज्याने भरले आहे त्याला विचारा.

वजनही बघा. ६० लिटर डिझेल म्हणजे ५० किलो, टाकीचा पत्रा वेगळा. एक माणूस जादा, आणि तोही चोवीस तास मागच्या चाकांवर बसलेला.

कायद्याचे सांगायचे तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट आहे: आरसी बुकात नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. लोखंडी बंपरवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. त्याने पायी चालणाऱ्याला जास्त मार बसतो, आणि धडक थेट चॅसीवर गेल्याने एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. पण खरी गोम विम्यात आहे. अपघातानंतर सर्व्हेअर आला आणि त्याला नोंद नसलेली टाकी दिसली, तर दावा अडवायला कंपनीला आयतेच कारण मिळते.

टाकी नको तर डबा तरी घेऊ, असे घरात कुणीतरी म्हणणारच. आमच्याही म्हणाले. काही वर्षांपूर्वी भाड्याच्या जीपमधून लग्नाला जाताना मागे पेट्रोलचा प्लास्टिकचा कॅन ठेवलेला होता. मे महिना, दुपारची वेळ. गेवराईच्या अलीकडे वास सुटला, मुले ओकू लागली, थांबून पाहिले तर झाकणातून पेट्रोल झिरपून चादर भिजलेली. पुढच्या सीटवर एक मामू बिडी काढण्याच्या बेतात होते. अल्लाहने वाचवले, एवढेच म्हणतो. पेट्रोल तापले की फुगते: काचा बंद असलेल्या उन्हातल्या गाडीत वीस लिटरचा डबा पाऊण लिटरने वाढतो, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली, मुलांच्या पायाशी साचते.

पेट्रोल गाडीवाल्यांची दुसरी टाकी म्हणजे सीएनजी. ती कायदेशीर आहे, पण मान्यताप्राप्त किट, आरटीओत आरसीवर नोंद, विमा कंपनीला कळवणे आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, यातले काही सोडून चालत नाही. सेकंडहँड गाडी घेताना सिलिंडरच्या पाटीवरची तारीख आधी वाचा. मात्र घरगुती गॅसच्या टाकीवर चालवलेली व्हॅन, मग ती कितीही स्वस्त पडो, तिच्यात मुलांना बसवू नका. गाडीच्या एलपीजी टाकीला ८० टक्क्यांवर भरणे थांबवणारा व्हॉल्व असतो, घरच्या सिलिंडरला तो नसतो. आम्ही शाळेत आहोत म्हणून हे जरा कडक बोलतो. शाळेच्या गेटवर मुलांना सोडणाऱ्या व्हॅनमध्ये मागे काय आहे, हे आई-बापांनी एकदा वाकून बघावे.

आता घ्यायचे काय? सगळ्यात आधी टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना किंवा कडेला बारीक भेगा पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी लांबच्या सफरीला नको. स्टेपनीचाही आकडा बघा, ती सहसा सगळ्यात म्हातारी निघते. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पाटीवर लिहिलेले असते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हा आमच्या मते सगळ्यात कामाचा जादा सामान.

दिव्यांबाबत मेहुणे लवकर ऐकेनात. साधा दिवा ६० वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टवर पाच अँपिअर. १०० वॅटचा बल्ब टाकला की तीच वायर आठाहून जास्त अँपिअर वाहते आणि तापते. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशा जोडलेल्या वायरींतूनही होते. शिवाय समोरच्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येणार. कॅरियरवर बिछाने आणि कपडे ठेवा. पाण्याचे जार, देगची, तांदळाचे पोते खाली. वरचे वजन घाटाच्या वळणावर गाडीला झुकवते. फोर बाय फोर म्हणून जी गाडी घेतली तिची ताकद वाळूत आणि आपल्या काळ्या चिखलात कामाची. कोरड्या डांबरावर फोर व्हीलचा गिअर टाकून पळवली तर आतले दाते झिजतात.

शेवटी घेतले ते असे: पाच टायर, कॉम्प्रेसर, ओढायचा पट्टा, ड्रायव्हरचा हात पोहोचेल असे आग विझवायचे नळकांडे, औषधांची पेटी. कॅरियर आले, बंपर आणि टाकी राहिली. वेल्डिंगवाला जरा नाराज झाला, पण कॅरियर त्याच्याकडूनच बसवून घेतले. माणसे मात्र नऊ होती आणि सीटा सात, त्यामुळे दोघांची तिकिटे रेल्वेची काढली. त्यातला एक आम्ही.