ताण सोसणारी अर्धसंवाहक बहुवारिके

विद्युत्‌संवाहक बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या, शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु ज्या स्फटिकवत् रचनेमुळे अर्धसंवाहक बहुवारिकातून विद्युत्‌प्रवाह सुलभपणे वाहतो, तीच त्यास ठिसूळ करते, ही अडचण कायम राहिली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली रेणुशृंखलांमध्ये हायड्रोजन-बंधांची अशी योजना केली, की ताण पडताच ते दुर्बल बंध तुटावेत आणि मुख्य शृंखला अबाधित राहावी. तर २०१७ साली रबरासारख्या बहुवारिकात अर्धसंवाहकाचे नॅनोतंतू गुंफून, दुप्पट लांबीपर्यंत ताणले तरी विद्युत्‌वहनात बाधा न येणारा पापुद्रा त्यांनी सिद्ध केला. त्वचेवर बसून नाडीची इत्थंभूत खबर देणाऱ्या उपकरणांना हे रसायनशास्त्र उपयोगी पडू शकते, म्हणून जिज्ञासूंनी हा विषय अगत्याने अभ्यासावा.