कोणत्या सुर्ल्याला?

पहाटे ४.२०

गजर व्हायच्या आधीच जाग येते. ही ट्रकची सवय. खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या पाळी गावात चारला जो उठला नाही त्याची पहिली खेप चुकायची, आणि पहिली खेप चुकली की दिवसभर जेटीच्या रांगेत शिजत बसायचं. २०१२च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. ट्रक दारात उभ्या उभ्या गंजला, मग विकला. जाग मात्र अजून चारलाच येते, म्हणून हा धंदा जमला. रानात माणसं न्यायची तर उजाडायच्या आत निघावं लागतं.

सामान रात्रीच जीपमध्ये टाकलंय: दोर, मलमपट्टीची पेटी, पाण्याचा कॅन, वनखात्याची परवानगी प्लॅस्टिकच्या पिशवीत. राहिली ती डबी. जुनीच, पत्र्याची. तिच्यात जाडं मीठ आणि तंबाखूची भुकटी. नोव्हेंबर मध्यावर आलाय, जळवा कमी झाल्यात, पण ओढ्याकाठी अजून वाट बघत असतात.

"अहो, जेवायला किती जण?" स्वयंपाकघरातून प्रश्न.

"चौघं. त्यातली दोघं शाकाहारी."

"आणि हे आत्ता सांगताय!"

५.१०

किनाऱ्यावरून माणसं घेऊन निघालेल्या टॅक्सीवाल्याचा फोन. "भाऊ, मॅप म्हणतो वीस मिनिटांत सुर्ला."

गाडी आहे तिथेच थांबव, म्हणालो. गोव्यात सुर्ले तीन. एक आमच्या पाळीच्या शेजारचं, डिचोली तालुक्यातलं. दुसरं सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटावर. आणि ज्याच्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं येतात ते तांबडी सुर्ला, पार तिकडे धारबांदोडा तालुक्यात. मॅपला तिन्ही सारखीच. मागे एक कुटुंब आमच्या सुर्ल्यात उतरून तांबडी सुर्ल्याचं कदंब राजांचं देऊळ विचारत अर्धा तास फिरलं होतं. शेवटी कुणीतरी त्यांना चहा पाजून माझ्याकडे पाठवलं. तेव्हापासून आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारतो, कोणत्या सुर्ल्याला? तरी दर आठवड्याला एक फोन असा येतोच.

६.००

मांडवी ओलांडून उसगाव-तिस्क. गाड्यावर चहा आणि भाजी-पाव. पुण्याचे निवृत्त काका-काकू, अमेरिकेतला मुलगा आणि सून. मुलाने गेल्या वर्षी आईवडिलांना मेक्सिकोत माया लोकांचं चिचेन इत्सा दाखवलं होतं, आणि काका अजून तिथून परतलेले नव्हते.

"तिथे काय आहे माहितीये? पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवली की वरून पक्ष्याचा आवाज येतो. केत्झालचा! आणि मार्च-सप्टेंबरात, दिवस-रात्र समान होतात ना, तेव्हा पायऱ्यांच्या कडेवरून सावलीचा साप उतरतो. तुमच्या देवळात असं काही?"

अशा प्रश्नाला पूर्वी मी पदरचं काहीबाही जोडून सांगत असे. आता म्हणतो, बघू या.

७.२०

धारबांदोड्याहून आत वळलं, बोळकर्णे मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, झाडं वरून मिटतात. खिडकीतून थंडी येते आणि गप्पा आपोआप थांबतात. शेवटचं वळण घेतल्यावर देऊळ दिसतं, आणि दहापैकी आठ जण तेच बोलतात. आज काका बोलले.

"एवढंसंच?"

एवढंसंच. चिचेन इत्साचा तो पिरॅमिड माथ्यावरच्या देवळासकट तीस मीटरचा. इथलं शिखरही पुरं नाही; अर्धवट राहिलं की पडलं याबद्दल दोन मतं आहेत. पण हे देऊळ बारा-तेराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, आणि गोव्यात त्या काळचं असं काळ्या दगडाचं, उभं राहिलेलं दुसरं देऊळ नाही. बाकीची बरीचशी पोर्तुगीजांनी पाडली किंवा काळाने. हे वाचलं ते आडबाजूच्या रानात होतं म्हणून. आपल्याकडे जांभा, हा दगड काळा बेसाल्ट, घाटापलीकडून आणला असं मानतात. चुना न घालता दगडावर दगड बसवलाय.

माझं खरं काम इथे सुरू होतं, आणि ते म्हणजे माणसांना खाली बसवणं. उभ्याने देऊळ पाच मिनिटांत संपतं. बसलं की खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती दिसतो. मंडपाच्या छतातलं कमळ मान मोडून बघण्यापेक्षा थंड फरशीवर उताणं पडून बघावं. सूनबाई पडल्या, मग काकूही पडल्या. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. ते कुणी तोडलं म्हणून विचारतात. मी ठाऊक नाही म्हणतो, लोकांना ते आवडत नाही.

सूर्याचंही तसंच. देऊळ पूर्वाभिमुख, उगवतीचा पहिला किरण थेट पिंडीवर पडतो असं सगळीकडे छापलेलं असतं. पण पूर्वेला सह्याद्री उभा आहे. घड्याळातला सूर्योदय पावणेसातच्या आतबाहेर. डोंगर चढून, झाडी ओलांडून ऊन देवळाच्या दारात यायला त्यानंतर चांगला वेळ जातो. आज ते हळूहळू पायऱ्यांवर आलं, ओल्या दगडावर वाफ दिसली. सावलीचा साप नव्हता. पण काका गप्प बसून होते, एवढं खरं.

८.४५

रगाडो नदी देवळाच्या पायथ्याशीच वाहते. तिच्या काठाने रानात शिरलो. बूट-मोजे तपासले, घोट्यांभोवती डबीतलं मीठ चोळलं. काकूंनी विचारलं, "जळू लागली तर?" लागली तर लागली, ओढायची नाही, मीठ टाकायचं, आपण होऊन पडते. जळवांची मला भीती नाही. त्या संपल्या की डिसेंबर-जानेवारीपासून गोचिडी सुरू होतात, आणि त्यांची भीती आहे. सत्तरीत माकडतापाने माणसं गेली ती गोचिडीमुळेच. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेने जायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. हे तीन नियम मी पाठ करून घेतो, हसलं तरी.

हे भगवान महावीर अभयारण्य, २४० चौरस किलोमीटर. गव्याचा ताजा पो वाटेतच होता, म्हणून दहा मिनिटं थांबलो. गवा दिसला नाही, हेच बरं. माट्टीचं झाड दाखवलं, मगरीच्या पाठीसारख्या सालीचं. तुम्ही घाटावर ऐन म्हणता ते, इकडे राज्यवृक्ष. मग पुढच्या वळणावर, डोक्याच्या थोडं वर, वेलीवर कर्णा पक्षी. काळं डोकं, लाल छाती, हलत नाही. मी हात वर केला. सगळे थिजले.

काकांनी टाळी वाजवली.

"काही नाही, प्रतिध्वनी येतो का बघत होतो," ते पुटपुटले तोवर पक्षी गेला होता. सूनबाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. मी म्हणालो, "काका, तुमच्या त्या केत्झालच्याच कुळातला होता. चुलत भाऊ." हे सांत्वन नव्हतं, खरंच आहे, दोघे ट्रोगनच. पण उरलेली वाट काका हात खिशात घालून चालले.

धबधब्याशी अर्धा तास. पाण्यात उतरायचं नाही. २०२३च्या पावसाळ्यात माणसं बुडाल्यावर अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी आली होती, आणि त्याआधीही माझा दोर याचसाठी असायचा. पोरं 'भाऊ, एकच डुबकी' म्हणतात, मी नाही म्हणतो, ती पैसे देताना तोंड वाकडं करतात.

१.१०

घरी जेवण. उकड्या तांदळाचं शीत, सुंगटांचं हुमण, मांसाहार न करणाऱ्यांना खतखतं आणि मुगागाठी, वर सोलकढी. काकूंनी खतखत्यात काय काय आहे ते मोजायला घेतलं. बायकोने भाज्या सांगितल्या, मसाला सांगितला नाही.

३.००

पुन्हा नदीपार, खांडेपारच्या गुंफा. जांभ्यात कोरलेल्या चार, सुट्या घरांसारख्या, वर चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची छपरं. झाडीने अशा गिळल्या होत्या की १९७०च्या सुमारास पुन्हा हाती लागल्या. साधारण दहाव्या-अकराव्या शतकातल्या मानतात. माया लोकांची दक्षिणेकडची मोठी शहरं, तिकालसारखी, ओस पडून रान होत होती, साधारण तेव्हाच इथे कुणीतरी रानात बसायला खोली कोरत होतं. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. आत दिवा ठेवायचा कोनाडा. मुलगा त्या कोनाड्यात बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. इथे मी काही बोलत नाही.

४.२०

पाळीवरून हरवळ्याकडे जाताना काका एकदम ओरडले, "थांबवा!"

डावीकडे टेकडी. सपाट माथा, बाजूंनी मोठमोठे टप्पे, त्यांवर दाट झाडी.

"हे काय आहे? अगदी तसंच दिसतंय! तिथेही पिरॅमिड आधी असेच टेकडीसारखे होते म्हणे, झाडांखाली. याचं उत्खनन नाही झालं?"

आतापर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. झालंय, म्हणालो, पण बाजूला. हा डंप. खाणीतून खनिज काढायचं तर वरची माती, दगड, ज्याला आम्ही रिजेक्शन म्हणतो, ते कुठेतरी टाकावं लागतं. टप्प्याटप्प्याने टाकतात, ढासळू नये म्हणून. पावसात माती शेतात उतरू नये म्हणून वर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावतात. तरी माती शेतात उतरतेच. स्वतःचा ट्रक घ्यायच्या आधी मी रिजेक्शनच्या डंपरवर होतो. त्यातल्या किती खेपा माझ्या, मोजल्या नाहीत.

काका खाली उतरले, मोबाइल आडवा धरून चारपाच फोटो काढले. सूनबाईंनी विचारलं, "वर जाता येतं?" नाही. तिथेही म्हणे आता पिरॅमिडवर चढू देत नाहीत.

५.००

हरवळे. लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात. गोव्यातल्या प्रत्येक जुन्या भोकात पांडव राहून गेलेत. जांभ्यात कोरलेल्या पाच खोल्या, सहाव्या-सातव्या शतकातल्या मानतात. बौद्ध की शैव याचा वाद आहे. आत लिंगं, एकावर सूर्याचं चक्र, त्याच्या दगडावर ब्राह्मीतली काही अक्षरं. 'सांबळूरचा रहिवासी रवी' असं ती वाचतात. तो देव की माणूस, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तो आपला शेजारी वाटतो. नाव, गाव, एवढंच सांगून गेलेला.

खाली रुद्रेश्वराच्या देवळाजवळ धबधब्याचा आवाज. साडेसहाला अंधार. माणसं टॅक्सीत बसवली, टॅक्सीवाल्याला किनाऱ्याचा रस्ता दोनदा सांगितला.

८.१५

कपडे गरम पाण्यात. डाव्या घोट्यावर एक जळू, माझ्याच. डबी पुन्हा भरली.

मोबाइलवर काकांचा निरोप. देवळाचा एकही फोटो नाही, टेकडीचे पाचही आहेत. खाली लिहिलंय: 'याचं नाव काय म्हणालात?'

'डंप' लिहून पाठवलं. उद्याची माणसं सहा, सगळी मासे खाणारी. हे मात्र आत्ताच आत जाऊन सांगतो.