गाठीचं मोल

शिरूर-दौंडकडच्या खेड्यांत फणीत आलेले केस जुन्या बायका उकिरड्यावर टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून गुंतवळीचा गोळा करायचा आणि पत्र्याच्या फटीत नाहीतर कोनाड्यात खोचून ठेवायचा. कधीतरी ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी हाक येते. गोळे तोलले जातात, बदल्यात एखादी वाटी किंवा प्लॅस्टिकचं घमेलं मिळतं आणि व्यवहार मिटतो. त्या केसांचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

देशभरची गुंतवळ जिथे जमते त्यातलं एक मोठं ठाणं म्हणजे कर्नाटकातल्या कोप्पळजवळचं भाग्यनगर. तिथे बायका दिवसदिवस मांडी घालून गुंता सोडवतात आणि लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. बराच माल म्यानमारमार्गे चीनला जातो. एमा टार्लो या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ च्या ‘एन्टँगलमेंट’ या पुस्तकात हा सगळा माग काढला आहे. कमी किंमत दाखवून सीमेपार जाणाऱ्या मालाला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तिकडे चीनच्या हनान प्रांतातलं शुचांग हे केसांच्या टोपांचं शहर मानलं जातं. चिनी कंपन्यांसाठी केस जाळीवर गाठीने बांधण्याचं बरंचसं काम उत्तर कोरियात होतं. म्हणजे आपल्याकडचा केस दोन-तीन देश फिरतो आणि ‘हेअर पॅच’ म्हणून आपल्याच तालुक्याच्या सलूनमध्ये हजारोंच्या भावात परत येऊ शकतो.

मधल्या वाटेवर त्याचा भाव वाढतो तो कशाने? केसाने नव्हे, गाठीने.

केसांतही प्रत आहेच. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे असतात. तिरुपतीला उतरवलेले किंवा एका वेणीतून कापलेले केस एकाच दिशेने राहतात, म्हणून ते उत्तम. गुंतवळीत मूळ कुठलं आणि शेंडा कुठला याचा पत्ता नसतो. तसेच वापरले तर उलटसुलट खवले एकमेकांत अडकतात आणि धुतल्याबरोबर जटा होतात. कारखान्यात यावर तोडगा म्हणून तेजाबाने खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात टोप रेशमासारखा दिसतो आणि चार धुण्यांत त्याचा काथ्या होतो, त्यामागचं गुपित हेच.

दौंड तालुक्यात केसांचे दोन इतिहास, एक उतरवण्याचा आणि एक सजवण्याचा, अगदी शेजारी नांदतात. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी त्या शतकाच्या अखेरीस केडगावच्या माळावर विधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींसाठी अख्खी वसाहत उभी केली. विधवेचं केशवपन हा तेव्हा मुख्यतः ब्राह्मण घरांतला रिवाज होता. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनीच या कामावर बहिष्कार घातला होता. आणि केडगावला लागूनच, सोलापूर रस्त्यावर, चौफुला आहे. तिथे संगीत बारीची कला केंद्रं आहेत. अंबाडा, खोपा, गंगावन आणि त्यावरचा गजरा हा तिथल्या बाईच्या धंद्याचा भाग. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई तर तमाशाचंच गाव. लावण्या आणि वगनाट्यं लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर तिथलेच. वगातल्या राजाला, ऋषीला, म्हाताऱ्याला टोप आणि दाढी लागते, ती बहुधा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येते.

मात्र तमाशाचा टोप आणि घरात, बाजारात, लग्नात घालायचा टोप यांत फार अंतर आहे. रंगमंचावर कपाळावरची कड फेट्याखाली किंवा बिंदीखाली झाकता येते आणि प्रेक्षकही लांब असतो. कॅमेरा ती सूट देत नाही. ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातले क्लोज-अप बघताना केस कपाळातून उगवल्यासारखे वाटावेत यासाठी किती बारीक काम लागतं, याचा विचार करावा. किमोथेरपीने केस गेलेल्या बाईला शेजारीण हातभर अंतरावरून बघत असते, आणि शेजारणीची नजर कॅमेऱ्याहून कडक. शिवाय उघड्या टाळूला मशीनच्या शिवणी टोचतात. हाताने गाठी मारलेली जाळी मऊ बसते.

असा टोप घरी होतो का? होतो, फक्त चिकाटी हवी. आधी डोक्याचं माप. केस चापून बसवायचे, डोक्याला स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिक कागद गुंडाळायचा, त्यावर सेलोटेपच्या पट्ट्यांचे आडवे-उभे थर द्यायचे आणि मार्करने केसांची कड आखायची. ही कवटी अलगद उचलली की साचा तयार. तो डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर बसवून वर बारीक जाळी ताणतात, चुण्या दुमडून शिवतात आणि कडेने टाचण्या मारतात. केस खिळ्यांच्या फणीतून विंचरून, बारीक दातांच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून ठेवतात. मुळं बाहेर, म्हणजे लागतील तेवढेच ओढता येतात.

गाठीची सुई म्हणजे टोकाला केसाएवढा आकडा. मुळाकडचा तीनेक सेंटिमीटर भाग दुमडून केसाचा फास डाव्या चिमटीत धरायचा. सुई जाळीच्या एका धाग्याखालून घालायची, फासातला केस आकड्यात पकडायचा आणि मागे ओढून धाग्याखालून बाहेर आणायचा. आता सुईवर एक वेढा असतो. मनगटाला हलका पीळ देऊन बाहेरचे दोन्ही पदर आकड्यात घ्यायचे, वेढ्यातून आरपार काढायचे आणि घट्ट ओढायचे. एक गाठ झाली. डावा हात सैल पडला की गाठ सुटते, आकडा तिरका झाला की जाळी फाटते. गाठ ज्या दिशेने ओढली जाते त्याच दिशेने केस झुकतो, त्यामुळे भांग कुठे पडणार हे गाठी मारतानाच ठरवावं लागतं. मागच्या बाजूला एका छिद्रात तीन-चार केस आणि दुहेरी गाठ चालते. कपाळाशी मात्र एकेकच केस, एकेरी गाठ, आणि तीही ओळीने नाही. निसर्गाची कड वेडीवाकडी असते. रांगेत लावलेले केस म्हणजे खोटेपणाची कबुली.

हिशेब करून पाहा. पूर्ण टोपाला ३०,००० गाठी धरल्या आणि तरबेज हाताने मिनिटाला १० मारल्या, तरी ५० तास होतात. नवशिक्या हाताला याच्या कितीतरी पट. म्हणून सुरुवात टोपाने करू नये. चार बोटं रुंदीची कपाळपट्टी किंवा मिशी करून बघावी.

हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. आज गावोगावच्या मुली ब्लाउजवर आरी वर्क करतात. ती आरीही आकड्याचीच सुई आहे आणि ताणलेल्या कापडावर चालते. हात निम्मा तयार आहे, शिकवणारं कुणी हवं. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकणं हे त्याचं सूत्र, आणि २००२ पासून तिथे फॅब लॅबही आहे. माणसाच्या मापाचा ठोकळा करणं अशा प्रयोगशाळेला अवघड जाऊ नये. एक धोका मात्र आहे. घरबसल्या गाठी मारण्याचं काम दलालाच्या हाती गेलं तर त्याची विडीच्या कामासारखी गत होईल, गाठ बाईची आणि नफा मधल्याचा. म्हणून मजुरी तासावर ठरावी आणि तयार टोप बायकांच्या गटानेच विकावा.

तोवर वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात कुणी लांब केस कापणार असेल तर कापण्याआधी ते धुऊन पूर्ण वाळवा, घट्ट वेणी घाला आणि दोन्ही टोकांना रबर लावा. डोक्याकडच्या रबराच्या वरून कापा आणि मुळाकडच्या बाजूला रंगीत दोरा बांधा. ओले केस पिशवीत बांधले तर बुरशी धरते. फूटभर केस वाढायला साधारण दोन वर्षं लागतात. ते वाटीभर भांड्यावर देऊ नका.